मोटारीच्या टपाची गळती : शोध आणि उपाय

कौलारू घरात राहिलेल्या प्रत्येकास एक अनुभव परिचयाचा असतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस येतो, माजघरात एका जागी थेंब टपकू लागतो आणि घरातील कोणी तरी त्याखाली भांडे ठेवते. पाऊस उघडल्यावर घर शाकारणारा माणूस छपरावर चढतो. परंतु थेंब पडत होता त्याच्या नेमके वरचे कौल तो उलटून पाहत नाही. तो आढ्याच्या दिशेने एकेक कौल तपाशीत जातो, आणि फुटलेले कौल बहुधा हात-दोन हात वरच सापडते. तेथून शिरलेले पाणी रिपेवरून, वाशावरून ओघळत खाली येते आणि जेथे त्याचा आधार सुटतो तेथे थेंब होऊन पडते. पाणी शिरण्याची जागा निराळी आणि ते दिसण्याची जागा निराळी, हे त्या कारागिराच्या ज्ञानाचे सार होय.

मोटारीच्या टपातून गळणाऱ्या पाण्यासही हाच नियम लागू पडतो. तथापि घराच्या बाबतीत जे शहाणपण सर्वांना ठाऊक असते, ते मोटारीच्या बाबतीत पुष्कळदा विसरले जाते. जेथे ओल दिसते तेथेच लेप थापला जातो. गळती थांबत नाही, उलट आत अडकलेले पाणी पत्रा गंजवीत राहते. अशी गळती कशी शोधावी, कशी बंद करावी आणि त्यामागे पदार्थविज्ञानाची कोणती तत्त्वे आहेत, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे. उदाहरण म्हणून बंगळूर शहर घेतले आहे. कारण तेथे पाऊस दीर्घकाळ पडतो, झाडे पुष्कळ आहेत आणि गाड्या बहुधा उघड्या रस्त्यावर उभ्या असतात.

किती पाणी टपावर पडते?

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात, नंतर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यापाठोपाठ ऑक्टोबरात परतीच्या काळातील पाऊस. वर्षभराची सरासरी ९५ ते १०० सेंटिमीटरांच्या आसपास येते आणि सप्टेंबर हा सर्वांत ओला महिना असतो. मुंबईचा पाऊस याच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु मुंबईत तो चार महिन्यांत आटोपतो, तर बंगळुरात तो सहा-सात महिने थांबून थांबून येतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमते. मध्यम आकाराच्या मोटारीचा टप सुमारे दोन चौरस मीटरांचा धरला, तर तासाभरात २० मिलिमीटर पाऊस झाल्यास त्यावर ४० लिटर पाणी पडेल, आणि संपूर्ण वर्षात सुमारे २,००० लिटर. यांपैकी शंभरांत एक भाग जरी आत शिरला, तरी वर्षाकाठी २० लिटर पाणी गाडीच्या पोटात जाईल. लहानशी फटही उपेक्षणीय का नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

टपाची घडण

मोटारींचे टप सुरुवातीपासून पोलादी नव्हते. १९२० नंतरच्या दशकात बंदिस्त गाड्या वाढल्या, तरी पुष्कळशा गाड्यांच्या टपाचा मधला भाग लाकडी चौकटीवर ताणलेल्या, जलरोधक लेप दिलेल्या कापडाचा असे. कारण एवढा रुंद पत्रा एकसंध मिळणे आणि तो दाबयंत्रात घडविणे त्या काळी सुलभ नव्हते. ऊन-पावसाने कापड भेगाळे आणि गळती सुरू होई. १९३५ सालच्या नमुन्यांपासून जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने ‘टरेट टॉप’ या नावाने अखंड पोलादी टप आणला. त्यानंतर टपाच्या मध्यातून गळण्याचा प्रश्न बव्हंशी संपला. राहिला तो सांध्यांचा प्रश्न.

आजचा टप म्हणजे वरचा एक मोठा पत्रा आणि दोन्ही बाजूंचे पत्रे यांचा जोड होय. हा जोड टपाच्या दोन्ही कडांना लांबट खाचेत असतो. तेथे पत्रे ठिकठिकाणी वितळवून सांधलेले असतात, वर लवचीक लेप भरलेला असतो, आणि त्यावर रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी बसविलेली असते. याशिवाय एरियलसाठी पाडलेले भोक, सामान ठेवण्याच्या कॅरिअरचे बोल्ट, पुढील व मागील काचेची किनार, दारांच्या रबरी पट्ट्या आणि काही गाड्यांत सनरूफ, ही पाणी शिरण्याची संभाव्य द्वारे होत. पत्र्याखाली आडव्या पोलादी पट्ट्या, विजेच्या तारा आणि सर्वांत खाली आतले अस्तर असते. पत्रा व अस्तर यांमधील पोकळीतून पाणी कोठून कोठे गेले, हे गाडीत बसलेल्यास मुळीच दिसत नाही.

ॲम्बॅसेडर किंवा मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना दारांच्या वर टपाच्या कडेने गेलेली बारीक पन्हळ आठवेल. टपावरचे पाणी ती गोळा करी आणि पुढे-मागे सोडून देई. पुढे वाऱ्याचा अडथळा आणि आवाज कमी करण्यासाठी ही पन्हळ बाहेरून दिसेनाशी करण्यात आली. पाणी वाहून नेण्याचे काम मात्र नाहीसे झाले नाही. ते आता झाकलेल्या खाचांकडे आणि नळ्यांकडे आले आहे. त्या तुंबल्या तरी मालकास कळत नाही.

पाणी आत शिरते कसे?

आढ्याचे पाणी वळचणीला, असे आपण म्हणतो. पाणी खाली धावते हे खरेच. पण अरुंद फटीत त्यावर आणखी तीन गोष्टींचा प्रभाव पडतो.

पहिली गोष्ट केशाकर्षण. स्वच्छ काचेच्या दोन तावदानांमध्ये एक मिलिमीटर अंतर ठेवून ती पाण्यात उभी धरली, तर मधले पाणी सुमारे दीड सेंटिमीटर वर चढते. अंतर एक दशांश मिलिमीटर केले, तर ते सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकते. फट जितकी अरुंद, तितके पाणी उंच! रंगविलेल्या पत्र्यास पाणी काचेइतके चिकटत नाही, म्हणून तेथे ही उंची कमी भरते. तरीही डोळ्यांस न दिसणारी भेग पाणी कसे ओढून घेते, याची कल्पना यावरून येते.

दुसरी गोष्ट पृष्ठताण. त्याच्या योगे पाण्याचा पातळ ओघळ पत्र्याच्या खालच्या अंगास चिकटून दूरवर सरकत जातो. वाटेत एखादी तार, बोल्ट किंवा पट्टीचे टोक आले, की तेथे थेंब साचतो आणि जड झाल्यावर पडतो. घराच्या छज्ज्याच्या खालच्या कडेजवळ गवंडी मुद्दाम एक खाच ठेवतो. ओघळ भिंतीपर्यंत न पोचता तेथेच तुटावा, हा त्याचा हेतू असतो.

तिसरी गोष्ट हवेचा दाब. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवर समोरून येणारी हवा जेथे अडते, तेथे सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब निर्माण होतो. उभ्या गाडीत न गळणारा काचेचा सांधा महामार्गावर गळू लागतो, त्याचे कारण हे होय.

याच्या जोडीला उष्णतेचे प्रसरण आहे. दुपारच्या उन्हात टपाचा पत्रा रात्रीच्या मानाने ४० अंश सेल्सिअसने सहज अधिक तापतो. दीड मीटर लांबीचा पोलादी पत्रा तेवढ्याने सुमारे पाऊण मिलिमीटर लांबतो. हे रोज घडते. म्हणून सांध्यात भरलेला पदार्थ ताणला जाणारा हवा. खिडकीच्या काचेस लावतात तसली कडक होणारी लांबी येथे थोड्याच दिवसांत तडकते.

निदान : प्रथम प्रश्न, मग पाणी

मल्लेश्वरमसारख्या चढउताराच्या वस्तीत रस्त्यावर उभी राहणारी एक गाडी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. टपाच्या मागच्या भागावर आखूड एरियल आहे आणि आत, पुढच्या आसनांच्या वर, दिवा आहे. रात्री पाऊस झाला की सकाळी त्या दिव्यातून थेंब पडतात. मालकास वाटते, पुढील काच जवळ आहे, तेव्हा दोष तिचाच असला पाहिजे. तो काचेच्या किनारीभोवती लेप फासतो. पुढच्या पावसात दिवा पुन्हा गळतो. पैसे गेले, काचेची किनार विद्रूप झाली आणि प्रश्न होता तेथेच राहिला.

त्याने लेपाला हात घालण्यापूर्वी काही प्रश्न विचारावयास हवे होते. हे पाणी पावसाचेच आहे काय? कोरड्या दिवशी वातानुकूलन यंत्र चालविल्यावर पायाशी पाणी दिसले, तर त्या यंत्राची निचऱ्याची नळी तुंबलेली असण्याचा संभव असतो. पाणी चिकट असून त्यास गोडसर वास येत असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे द्रव्य होय. ही शंका फिटल्यावर पुढचा प्रश्न : गळती केव्हा होते? गाडी उभी असताना, की धावताना? ब्रेक दाबल्यावर, की वळणावर? गाडीचे तोंड उताराकडे असताना, की चढाकडे?

समजा, मालकाने आठ दिवसांची टिपणे ठेवली. त्यांवरून असे दिसले, की गाडीचे तोंड उताराकडे असेल त्याच रात्री दिवा गळतो. तोंड चढाकडे असेल तेव्हा दिवा कोरडा राहतो, मात्र मागच्या आसनावरील अस्तर ओलसर लागते. एवढ्यावरून निष्कर्ष निघतो : पाणी दिव्याच्या मागे कोठे तरी शिरते आणि गाडी ज्या बाजूस झुकलेली असेल तिकडे वाहते. पुढील काच आपोआप संशयातून मुक्त झाली. उरले एरियल, कडेच्या खाचांचा मागील भाग आणि मागील काचेची वरची किनार.

पाण्याची कसोटी

आता प्रत्यक्ष प्रयोग करावयाचा. बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर कंपनीचा कारखाना आहे. तेथे काय किंवा अन्यत्र काय, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची कृत्रिम पावसाच्या फवाऱ्याखाली परीक्षा घेण्याची रीत मोटारधंद्यात रूढ आहे. घरी तेच काम बागेच्या नळीने होते. त्यासाठी दोन माणसे लागतात : एक बाहेर नळी धरून, दुसरा आत विजेरी घेऊन.

प्रथम गाडी पूर्ण कोरडी करावी आणि ज्या स्थितीत गळती होते त्याच उतारावर ती उभी करावी. बॅटरीची जोडणी सोडावी. दिवा काढून त्या भोकातून, किंवा अस्तराचा मागील भाग अलगद खाली घेऊन, पत्र्याची खालची बाजू दिसेल असे करावे. मात्र पुष्कळशा नव्या गाड्यांत टपाच्या दोन्ही कडांना अस्तराखाली अपघातकाळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. तेथे टोकदार हत्यार खुपसू नये. ते काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. संशयित जागांच्या खाली पत्र्यावर खडूची पूड हलकेच लावावी. पाण्याचा बारीकसा ओघळही तीवर स्पष्ट रेघ उमटवितो.

पाणी घालताना तीन नियम कसोशीने पाळावेत. एक, धार मंद असावी. जोराचा फवारा चांगल्या रबरी पट्टीतूनही पाणी आत घुसवितो आणि निर्दोष सांधा दोषी ठरतो. दोन, सुरुवात खालून करून वर जावे. प्रथम टपाच्या माथ्यावर पाणी ओतले, तर ते सर्व सांध्यांवरून वाहील आणि कोणता सांधा गळला हे कळणार नाही. तीन, एका वेळी एकच जागा भिजवावी, तेथे पाच-दहा मिनिटे थांबावे, आणि काहीच न घडल्यास ती जागा पुसून पुढे जावे.

आपल्या उदाहरणात मागील काचेची किनार दहा मिनिटे भिजविली. आत खडू कोरडा. डावी खाच भिजविली, कोरडा. उजवी खाचही कोरडी. नंतर एरियलच्या बुडाशी मंद धार सोडली. तीन-चार मिनिटांनी भोकाच्या कडेने पाण्याचा मणी दिसला, तो एरियलच्या तारेवर उतरला आणि तारेवरून उताराच्या दिशेने पुढे सरकत दिव्यापाशी आला. गळती सापडली. थेंब पडण्याची जागा आणि पाणी शिरण्याची जागा यांत जवळजवळ एक मीटर अंतर होते.

दारांच्या रबरी पट्ट्यांसाठी सोपी परीक्षा आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सर्वत्र सारखा अडथळा जाणवला पाहिजे. जेथे कागद सहज सुटतो तेथे रबर दबलेले आहे. काचेच्या किनारीसाठी उलट रीतीने तपास करता येतो. काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेणारा पंखा पूर्ण वेगाने चालवावा आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतात तेथे फट असते.

सांधा बुजविणे

येथील मुख्य नियम असा, की पाणी जेथे शिरते तेथे, म्हणजे बाहेरच्या बाजूने, ते अडवावे. आतून लेप लावल्यास थेंब थांबतो, पण पाणी दोन पत्र्यांमध्ये कोंडून राहते. गळती दिसत नाही इतकेच, गंज मात्र वाढतो.

एरियलच्या बाबतीत लेपाची गरजही नसते. आतील नट सोडून एरियल उचलावे. त्याखालची रबरी चकती बहुधा उन्हाने कडक होऊन चिरलेली आढळते. भोकाभोवतीचा गंज कानशीने किंवा पॉलिश कागदाने काढावा, उघड्या पत्र्यास गंजरोधक अस्तररंग व त्यावर रंग द्यावा, तो सुकू द्यावा, आणि नवी चकती घालून नट बेताने आवळावा. अति आवळल्यास चकती चेपून फाटते.

कडेच्या खाचेतील लेप भेगाळला असेल, तर वरची पट्टी काढून सुटलेला लेप खरवडावा, खाच पूर्ण वाळवावी आणि मोटारीच्या सांध्यांसाठी मिळणारा पॉलियुरेथेनचा लवचीक लेप भरावा. ओलसर किंवा धुळकट पृष्ठावर कोणताही लेप धरत नाही. यासाठी वाळविण्याची घाई करू नये. ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा वास येतो ते येथे वापरू नये. घट्ट होताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि उघड्या पोलादास गंज चढविते; शिवाय त्यावर पुढे रंग बसत नाही. आजच्या गाड्यांत पुढील काच चिकटद्रव्याने बसविलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याच्या मजबुतीस ती हातभार लावते. तिचा सांधा गळत असल्यास ती कारागिराकडून काढवून नव्याने बसविणे हाच योग्य मार्ग होय.

निचऱ्याची वाट मोकळी ठेवा

सनरूफ असलेल्या गाडीत पुष्कळांचा एक गैरसमज असतो. सनरूफची रबरी किनार सर्व पाणी अडवील, अशी तिची योजनाच नसते. थोडे पाणी आत येणार हे गृहीत धरून तिच्याखाली उथळ तबक ठेवलेले असते, आणि त्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या गाडीच्या खांबांतून खाली जाऊन पाणी बाहेर सोडतात. नळी तुंबली की तबक भरते आणि पाणी अस्तरावर सांडते. अशा वेळी किनारीवर लेप थापणे व्यर्थ होय.

बंगळुरात या नळ्या तुंबविण्यास झाडे पुरेशी आहेत. लालबागेचे अधीक्षक जी. एच. क्रुंबिगेल यांनी १९०८ ते १९३२ या काळात तेथे उद्यानविषयक मोठे कार्य केले. त्यापूर्वी ते बडोदे संस्थानच्या सेवेत होते. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कोणते ना कोणते झाड फुललेले असावे, अशी वृक्षयोजना करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. गुलमोहर, जॅकरांडा आणि पर्जन्यवृक्ष यांची ही शोभा गाडीच्या खाचांतही येऊन पडते; पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तर कोणत्याही भोकात मावतात. यास्तव वळवाच्या पावसापूर्वी तबकाच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतून पाहावे. ते गाडीखाली बाहेर पडले पाहिजे. न पडल्यास नायलॉनची जाडसर तंगूस नळीत हळूहळू सरकवून कचरा मोकळा करावा. हवेचा जोराचा झोत मारू नये. त्याने नळी आतल्या आत निसटते आणि मग सारे पाणी गाडीतच उतरते. पुढील काचेच्या बुडाशी, वायपरखाली, साचलेला पाचोळाही याच वेळी काढावा.

शेवटची तपासणी आणि वाळवण

दुरुस्ती झाली असे म्हणण्यापूर्वी पहिलाच प्रयोग पुन्हा करावा : तोच उतार, तीच मंद धार, तेवढाच वेळ. खडू कोरडा राहिला तरच काम पुरे झाले. अस्तर परत बसविल्यानंतर तपासणी करणे म्हणजे पुराव्यावर पडदा टाकणे होय.

आत मुरलेले पाणी काढणेही तितकेच आवश्यक आहे. पायाखालचे जाजम वरून कोरडे लागले, तरी त्याखालचा जाड थर पाणी धरून ठेवतो. त्यास कुबट वास येतो, बुरशी वाढते, तळाचा पत्रा गंजतो. आणि कित्येक गाड्यांत तेथूनच विजेच्या तारा व नियंत्रक पेट्या गेलेल्या असतात. म्हणून जाजम उचलून उन्हात पूर्ण वाळवावे. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरात पूर येऊन कित्येक गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. तशा गाडीचा प्रश्न निराळा. ती सुरूदेखील न करता कारागिराच्या स्वाधीन करावी.

वर्गात करून पाहण्याचे प्रयोग

१. काचेची दोन तावदाने एका उभ्या कडेस चिकटवून धरा आणि दुसऱ्या कडेत आगकाडी ठेवा. ती रंगीत पाण्यात उभी करा. पाणी कोणत्या कडेस अधिक चढते ते पाहा आणि कारण लिहा.

२. पाण्याने भरलेल्या पेल्यात सुती कापडाच्या पट्टीचे एक टोक बुडवा आणि दुसरे टोक बाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, लोंबत ठेवा. पाणी पेल्याची कड ओलांडून कसे येते?

३. पोलादी पट्टी तिरपी धरून तिच्या खालच्या अंगास वरच्या टोकाशी पाण्याचे थेंब सोडा. आता पट्टीच्या मध्यावर दोऱ्याचा वेढा बांधून हाच प्रयोग करा. थेंब कोठे पडतो?

तिसऱ्या प्रयोगात थेंब जेथे पडतो तेथे तो सोडलेला नव्हता, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल. घराची गच्ची, शाळेचे पत्र्याचे छप्पर किंवा मोटारीचा टप, गळती कोठलीही असो. थेंबाखाली भांडे ठेवावे, आणि त्याच्या उगमाचा तपास उताराच्या वरच्या अंगास करावा.